गॅसबत्तीचे सुटे भाग : काय मिळते, काय घ्यावे आणि काय अजून ठरायचे आहे

माळ्यावरची पितळी गॅसबत्ती खाली काढली, चिंच लावून घासली, की दिसायला ती लगेच नवी होते. पेटायला मात्र तयार होत नाही. पंप मारला तर हवा भरत नाही. हवा भरलीच तर टोपणाच्या कडेने फसफसून निघून जाते. स्पिरिट जाळून नळी तापवावी तर निपलमधून वाफेऐवजी कच्चे रॉकेल उडते. मग सामानाचा शोध सुरू होतो. शोध लागला की त्याहून अवघड प्रश्न पुढे येतो : मिळालेले सामान बसवावे का?

दाबाच्या रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या बत्त्या जपणारे, दुरुस्त करणारे आणि अजूनही पेटवणारे लोक जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आहेत, आपल्याकडेही आहेत. सुट्या भागांविषयी त्यांचे एकमत नाही. मूळ कारखान्याचाच भाग हवा असे काही म्हणतात. नवी नक्कल चालते, किंबहुना बरी, असे काहींचे मत. मिस्त्रीकडून घडवून घेणारे आहेत आणि जुना दिवा पेटवूच नये म्हणणारेही आहेत. या वादाची आजची स्थिती काय आहे, हे इथे पाहायचे आहे. वातीचे कंदील या आढाव्यात नाहीत. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्राची कितीतरी घरे उजळली, पण त्याला लागते वात आणि काच. दाबाच्या बत्तीचे दुखणे वेगळे आहे.

बत्तीची घडण आणि तिची झीज

पेट्रोमॅक्सच्या मोठ्या, म्हणजे ५०० कॅण्डलपॉवरच्या बत्तीच्या टाकीत लिटरभर रॉकेल मावते आणि ते सुमारे आठ तास पुरते. पंपाने टाकीत वातावरणाच्या साधारण दुप्पट दाबाची हवा भरली की रॉकेल उभ्या नळीतून वर चढते. जाळीच्या, म्हणजे मँटलच्या, उष्णतेने ती नळी तापलेली असते, म्हणून आत रॉकेलची वाफ होते. ही वाफ निपलच्या पाव मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रातून वेगाने सुटते, सुटताना भोवतालची हवा ओढून घेते आणि ते मिश्रण चिनी मातीच्या नोझलमधून जाळीत जाऊन जळते. उजेड ज्योतीचा नसतो, पांढऱ्या तापलेल्या जाळीचा असतो. सुरुवातीला नळी तापवायला तेवढी स्पिरिटची वाटी किंवा छोटा टॉर्च लागतो.

या साखळीतले सगळे भाग सारखे झिजत नाहीत. जाळी एकदा जळून राख झाली की धक्क्याने कधीही फुटते. ती वातीसारखीच खर्चाची वस्तू. पंपाची कातडी वाळते. पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह, ज्याने हवा आत जावी पण बाहेर येऊ नये, त्याची रबरी किंवा बुचाची टिकली कडक होते. निपलचे छिद्र पिन मारमारून मोठे होते. चिनी मातीचे नोझल तडकते, शिशाचे वॉशर चेपून चेपून पातळ होतात. काच तर फुटायचीच. उलट टाकी, वरची टोपी आणि दांडी पन्नास-साठ वर्षे सहज काढतात.

सुट्या भागांच्या वादाचे एक मूळ बत्तीच्या घडणीतच आहे. पेट्रोमॅक्स जातीच्या बत्तीत निपल, पिन आणि नोझल वेगवेगळे काढता-घालता येतात. ब्रिटनच्या टिली किंवा व्हेपालक्समध्ये तसे नाही : वाफ करणारी नळी आणि तिच्या टोकाचे छिद्र मिळून एकच भाग असतो, आणि आत काजळी धरली की अख्खा व्हेपोरायझर बदलायचा, अशीच कारखान्याची कल्पना होती. पेट्रोमॅक्सवाल्याचे काम हरभऱ्याएवढ्या पितळी तुकड्यावर भागते. टिलीवाला अख्ख्या नळीच्या पुरवठ्यावर अवलंबून राहतो. दोघांची मते वेगळी असण्यात मग नवल नाही.

पार्श्वभूमी

गोष्ट जाळीपासून सुरू होते. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये पहिल्या जाळीचे पेटंट घेतले. तिच्यात मॅग्नेशियम, लँथॅनम आणि यिट्रियम यांची ऑक्साइडे होती. उजेड हिरवट पडे, माल चालला नाही. १८९१ मध्ये त्यांनी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण काढले आणि पुढची शंभर वर्षे जगभरच्या जाळ्या याच प्रमाणाने होत राहिल्या. दाबाखालच्या रॉकेलची वाफ करून जाळी पेटवण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी आर्थर किटसन यांनी रूढ केली. दीपगृहांनी ती उचलली. ब्रिटनच्या ट्रिनिटी हाउसमधले डेव्हिड हूड यांनी १९२१ मध्ये हा बर्नर सुधारला. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या आठवणींत किटसनच्या बत्त्या येतात त्या याच.

हातात धरून नेता येईल अशी बत्ती बर्लिनच्या एऱ्हिश अँड ग्रेट्झ कंपनीने १९१० च्या सुमारास आणली. तिचे नाव पेट्रोमॅक्स. माक्स ग्रेट्झ यांच्या नावातला 'मॅक्स' तिच्यात आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटाच्या कोलमनने १९१४ मध्ये आपली बत्ती काढली, पण ती पेट्रोलच्या जातीच्या इंधनावर चालणारी. रॉकेलचे नमुने वेगळे. ब्रिटनमध्ये टिली, हॅलिफॅक्सच्या विलिस अँड बेट्सची व्हेपालक्स आणि तिची बहीण बियालॅडिन, स्वीडनमध्ये ऑप्टिमस आणि रेडियस, पोर्तुगालमध्ये हिपोलितो. आणि पेट्रोमॅक्सच्या नकला जागोजागी, पुढे सर्वांत जास्त चीनमध्ये.

आपल्याकडे ही बत्ती लग्नाच्या वरातीत डोक्यावरून चालली, दशावताराच्या आणि नमन-खेळ्यांच्या रंगमंचावर टांगली गेली, तमाशाच्या फडात लागली. पहिल्या पावसात कुर्ल्या धरायला निघालेल्या कोकणातल्या पोरांच्या हातात तीच असे. सामानाची चिंता तेव्हा नव्हती. घराघरात रॉकेलचा स्टो होता, आणि स्टोचे दुकान म्हणजेच बत्तीचे दुकान : पिन, वॉशर, कातडी, निपल, काकडा, सगळे एकाच बरणीत किंवा डब्यात. स्वयंपाकाचा गॅस घरोघर पोचला, वीज पोचली आणि या दुकानांचे गिऱ्हाईक गेले. बत्तीचे सामान दुर्मिळ झाले ते मुख्यतः स्टो गेल्यामुळे, हे आपल्याकडच्या स्थितीचे वैशिष्ट्य आहे आणि बाहेरच्या चर्चेत ते दिसत नाही. पुण्यात बोहरी आळीत किंवा रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात अजून काही हाती लागते, पण जे लागेल ते घ्यायचे अशा बेताने.

मूळ सामानाचा पक्ष

जुन्या कारखान्याच्या गोदामात किंवा दुकानाच्या फळीवर न वापरता पडून राहिलेले सामान जपणाऱ्यांना सर्वांत प्रिय. त्यांचे म्हणणे सरळ आहे. ज्या आरेखनावर बत्ती झाली त्याच आरेखनावर तिचा निपल झाला, आटे जुळतात, छिद्राचे माप बरोबर असते, पितळ त्याच प्रतीचे. पेट्रोमॅक्सच्या भागांवर क्रमांकच ठोकलेले असत : निपल ५०, त्याची पिन ६८. क्रमांक जुळला की वाद संपला.

या पक्षाचे पारडे धातूच्या भागांबाबत खरोखरच जड आहे. आट्यांचेच उदाहरण घ्या. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा. मेट्रिक नट व्हिटवर्थ बोल्टवर दोन-तीन फेरे गोडीने चढतो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर केला की पितळी आटे कायमचे बिघडतात. अशा रीतीने वाया गेलेल्या जुन्या टाक्या बाजारात दिसतात आणि त्या पाहून वाईट वाटते.

पण जुने म्हणजे चांगले हा नियम रबर आणि कातडीला लागू होत नाही. पन्नास वर्षे पाकिटात राहिलेले रबर न वापरताही कडक होते. कातडी वाळून आक्रसते, जरी ती तेलात भिजवून पुष्कळदा पुन्हा कामाला येते. दुसरा अडथळा जास्त गंभीर आहे. जुन्या टिलीच्या स्पिरिट टॉर्चमध्ये अॅस्बेस्टॉस असे. व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीच्या दोरीत आणि काही जाळ्यांच्या गाठींतही असे. हे सामान 'अस्सल' म्हणून आजही विकले जाते. या एका मुद्द्यावर मात्र जवळजवळ सगळे पक्ष एकत्र येतात : अॅस्बेस्टॉस काढायचे, त्याच्या जागी ग्रॅफाइटची किंवा काचतंतूची दोरी घालायची, आणि काढताना ते कोरडे खरवडायचे नाही, ओले करून काढायचे.

मूळ सामानाचा साठा संपत जाणारा आहे, हे त्या पक्षालाही मान्य आहे. मग असलेला साठा कुणाकडे असावा? रोज पेटणाऱ्या बत्तीत तो झिजवावा की ठेवणीतल्या बत्तीसाठी राखावा? यावर त्यांच्यातच एकमत नाही.

नव्या नकलांचा पक्ष

पेट्रोमॅक्स जातीच्या बत्तीसाठी नवे सामान आज सहज मिळते, कारण ही बत्ती अजून बनते. नावाचे हक्क असलेली जर्मन कंपनी बत्त्या आणि सुटे भाग दोन्ही विकते. चिनी आणि भारतीय बनावटीचे भाग त्याहून पुष्कळ स्वस्त पडतात. नकलांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की बत्ती पेटत राहणे महत्त्वाचे, आणि स्वस्त नोझल-निपल नसते तर हजारो बत्त्या भंगारात गेल्या असत्या. हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

विरोधकांचा आक्षेप मापांवर आहे आणि तोही भक्कम आहे. निपलचे छिद्र पाव मिलिमीटरऐवजी ०.३० निघाले, तर फरक डोळ्यांना दिसत नाही. पण छिद्राचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते. तेवढी वाफ जास्त येते, तेवढी हवा ओढली जात नाही, जाळी काळी पडते, बत्ती भडकते आणि मालक जाळीला दोष देतो. ५०० च्या बत्तीत १५० ची पिन घातली, किंवा उलट, तरी असेच. नकलांच्या एकाच पाकिटातले दोन निपल वेगळे वागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून जाणकार नवे निपल घेताना चार घेतात, मापी तारेने तपासतात आणि चांगले निघालेले वेगळे ठेवतात.

काचेबाबत मात्र मोठा वाद नाही. जर्मन बत्तीची काच येनाच्या शॉट कंपनीच्या उष्णतारोधक 'सुप्राक्स' काचेची असे. आज बोरोसिलिकेट काच कुठूनही मिळाली तरी चालते. साधी काच पावसाचा एक थेंब पडला की तडकते. घेताना उंची आणि व्यास मोजून घ्यावा, इतकेच.

व्हॉल्व्हच्या टिकलीसाठी नायट्राइल रबर की व्हिटॉन, ही चर्चा अलीकडची. दोन्ही रॉकेलला टिकतात. व्हिटॉन जास्त उष्णता सोसते, सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत. पण ते प्रत्यक्ष जळले तर विषारी वायू सुटतो. पंपाचा तळ आणि टोपण थंडच असतात, तिथे नायट्राइल पुरेसे आहे. नळीच्या बुडाशी, जिथे मूळचे शिशाचे वॉशर असते, तिथे रबर कोणतेही नको. तिथे शिसे, किंवा तापवून मऊ केलेले तांबे.

मिस्त्रीच्या हातचे भाग

तिसरा पक्ष लेथवाल्यांचा. टाकीचे टोपण, पंपाची दांडी, व्हॉल्व्हची टोपी, नियंत्रणाची मूठ असे भाग कुशल फिटर अर्ध्या दिवसात घडवतो. पितळी सळई आणि जुना नमुना समोर असला की पुरे. भारतात ही सोय युरोपपेक्षा स्वस्त आणि जवळ आहे, आणि आपल्याकडच्या अनेक बत्त्या याच जोरावर चालू राहिल्या. माझ्या मते या साऱ्या वादात ज्याला सर्वांत कमी श्रेय मिळाले आहे तो हाच माणूस.

पंपाची कातडी बदलण्याचे त्याचे काम पाहण्यासारखे असते. पंपाची टोपी फिरवून तो दांडी बाहेर ओढतो. टोकाला वाटीच्या आकाराची कातडी, कडा आत वळलेल्या, लाकडासारखी कडक. नवी कातडी आदल्या रात्रीच तेलात पडलेली असते. ती चकतीवर बसवून तो नट आवळतो, मग अंगठ्याने कडा चहूबाजूंनी बाहेर दाबत वाटी उघडतो. दांडी नळीत घालताना सरळ ढकलत नाही. कड दुमडू नये म्हणून फिरवत फिरवत आत सोडतो. शेवटी पंपाच्या तोंडावर बोट ठेवून एक दट्ट्या मारतो. बोटाला हवेचा रेटा लागला तर काम झाले. या कातडीसाठी कारखान्याच्या पाकिटाची गरज नाही; चांगली जाड, एकसारखी कमावलेली कातडी आणि हा हात असला की भागते.

जिथे मिस्त्रीचा मार्ग थांबतो तेही स्पष्ट सांगायला हवे. निपलचे छिद्र पाडणे घड्याळजीच्या अवजारांचे काम आहे. साध्या लेथवर ते नेमके उतरत नाही. टिलीचा व्हेपोरायझर पुन्हा भरून घेणे, म्हणजे जुनी नळी कापून काजळी काढणे आणि झाळून बंद करणे, काही जण यशस्वीपणे करतात. पण चूक झाली तर तापलेल्या नळीचा जोड दाबाखाली उघडतो. हा धोका किती, यावर त्या क्षेत्रातलेच लोक दोन बाजूंना आहेत. चिनी मातीचे नोझल कुंभाराकडून भाजून घेण्याचे प्रयत्नही होतात. आकार जमतो, पण आचेच्या उतारचढावाला ते टिकतेच असे नाही.

जाळीचा प्रश्न

सर्वांत जास्त चर्चा आणि सर्वांत जास्त गैरसमज जाळीभोवती आहेत. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धआयुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे, म्हणजे किरणोत्सार अतिशय मंद. पण त्याच्या विघटनातून इतर किरणोत्सारी द्रव्ये तयार होत राहतात. अमेरिकेत कोलमनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थोरियम सोडून यिट्रियमची जाळी आणली. वेल्सबाखच्या पहिल्या, न चाललेल्या जाळीत जे द्रव्य होते तेच शंभर वर्षांनी परत आले.

थोरियमच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा उजेडाचा. त्याची जाळी जास्त तेजस्वी आणि पांढरी दिसते, यिट्रियमची थोडी मंद आणि पिवळट; बत्तीची घडण ज्या जाळीसाठी झाली तीच घालावी. ते असेही दाखवतात की टांगलेल्या बत्तीजवळ बसणाऱ्याला मिळणारी मात्रा अत्यल्प असते आणि अमेरिकेत ग्राहकाला थोरियमची जाळी वापरायला परवाना लागत नाही. यिट्रियमवाल्यांचे उत्तर असे, की टांगलेल्या जाळीची कुणाला भीती नाही. काळजी आहे ती जुनी जाळी झटकताना उडणारी राख श्वासात जाण्याची, आणि जाळ्या बनवणाऱ्या कामगारांची. पर्याय आहे तर कशाला, असा त्यांचा सवाल. दोन्ही बाजूंना मान्य असणाऱ्या सवयी साध्या आहेत : जाळी उघड्यावर बदलावी, राख फुंकू नये, ओल्या कागदाने टिपून पिशवीत बंद करावी, हात धुवावेत, लहान मुलांना दूर ठेवावे.

भारताचा या प्रश्नाशी संबंध कच्च्या मालापासून आहे. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम असलेले मोनाझाइट १९०९ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ शोम्बर्ग यांना सापडले, तेही काथ्याला चिकटून युरोपात गेलेल्या वाळूच्या कणांवरून. ती वाळू जाळ्यांसाठीच जहाजांत भरून जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये मुंबईच्या ट्रॉम्बेला तिचा थोरियम कारखाना सुरू झाला. देशातल्या जाळी कारखान्यांना लागणारे थोरियम नायट्रेट याच कंपनीकडून जात आले. थोरियम अणुऊर्जा कायद्याखाली येत असल्याने या कारखान्यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

जाळी मजबूत करता येईल का, हा आपल्याकडेच अभ्यासला गेलेला प्रश्न आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी 'नूरी' नावाची दाबाची बत्ती विकसित केली. ती रॉकेल, डिझेल आणि इथेनॉल अशा वेगवेगळ्या इंधनांवर चालते. जाळीचा ठिसूळपणा हा या साऱ्या जातीच्या दिव्यांतला कमकुवत दुवा आहे आणि न तुटणाऱ्या जाळीवर संशोधन व्हायला हवे, ही त्यांची भूमिका राहिली आहे. संग्राहकांच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो. ते कोणती जाळी घ्यावी यावर बोलतात. जाळी बदलावीच का लागावी, हे विचारणारे फलटणसारखे ठिकाण वेगळे ठरते.

टाकी : जिला सुटा भाग नाही

टाकीला पर्याय दुसरी टाकीच, आणि टाकी बदलली की ती बत्ती तीच राहिली का, असा प्रश्न उभा राहतो. टाकीवरच तर कारखान्याचे नाव ठोकलेले असते. म्हणून टाकीची चीर हा या साऱ्या विषयातला सर्वांत नाजूक भाग.

पितळेला चिरा का जातात याचे उत्तर भारतातल्याच एका अनुभवातून मिळाले. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना आपोआप भेगा पडत. १९२१ मध्ये कारण स्पष्ट झाले : पत्रा ओढून आकार देताना धातूत अडकून राहिलेला ताण, आणि घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया. दोन्ही एकत्र आले की पितळ कडेकडेने उकलते. बत्तीची टाकीही ओढलेल्या पितळी पत्र्याचीच. आपल्याकडे ती वर्षानुवर्षे गोठ्यात टांगलेली असे, हे लक्षात घेतले तर जुन्या टाक्यांच्या केसासारख्या चिरांचे कोडे बरेच सुटते. काही बाजारी पितळ-पॉलिशांतही अमोनिया असतो. चिंच आणि लिंबू बरे.

चीर दिसल्यावर काय करावे? तांबट डाख लावून देतो. पुण्याच्या तांबट आळीत असे हात अजून आहेत. डाख चांगला बसला तर टाकी दाब धरते, असे एक मत. दुसरे मत असे, की चीर ही आजाराची खूण आहे, ताण उरलेल्या पत्र्यात आहे आणि उद्या शेजारी दुसरी चीर जाईल. अशी टाकी शोभेला ठेवावी. मी दुसऱ्या मताकडे झुकतो, विशेषतः बत्ती माणसांच्या गर्दीत लागणार असेल तर. निदान तपासणी तरी नीट व्हावी : टाकी काठोकाठ पाण्याने भरून पंप मारावा आणि जोडांवर पाणी पाझरते का पाहावे. हवा भरून बादलीत बुडवण्यापेक्षा हे सुरक्षित आहे, कारण दाबलेले पाणी फुटल्यावर हवेसारखे उसळत नाही.

न पेटवण्याचा पक्ष

वस्तुसंग्रहालयांची शिस्त निराळी. पुरातन वास्तूंसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेत दोन तत्त्वे आहेत : अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि बसवलेला नवा भाग एकूण रूपात मिसळावा पण मूळ भागापासून ओळखता आला पाहिजे. वस्तूंचे जतन करणारेही हीच तत्त्वे मानतात. त्यांच्या दृष्टीने बत्तीतला झिजलेला निपल हाही पुरावा आहे; तो फेकून नवा बसवला की ती कशी वापरली गेली याची एक खूण गेली. पेटवणाऱ्यांचे म्हणणे असे, की चालणारे यंत्र चालवल्याशिवाय कळत नाही. ती फुरफुर, तो स्पिरिटचा वास, जाळी पांढरी होतानाचा क्षण हेही जतनच आहे. जुन्या सांगाड्यात एलईडी दिवा बसवणारेही आहेत, पण तिथे सुट्या भागांचा प्रश्नच संपतो, म्हणून त्यांचा विचार इथे नको.

या दोघांमध्ये सोयीचा मध्यममार्ग आहे आणि तो खर्चिक नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून बत्तीसोबत ठेवायचा, आणि नव्या भागावर आतल्या बाजूला लहानशी खूण करायची. वैयक्तिक संग्राहक हे फारसे करत नाहीत. करायला हवे.

काय अनिर्णित आहे

पहिली उणीव मापांची. मूळ आरेखने बहुतेक कारखान्यांबरोबर गेली. कोणत्या बत्तीच्या निपलला कोणते छिद्र, कोणत्या टोपणाला कोणता आटा, ही माहिती दुरुस्ती करणाऱ्यांच्या डोक्यात आहे, एका ठिकाणी नाही. मापे ठरलेली नाहीत तोवर नकलांची प्रत सुधारण्याचा आग्रह कुणाकडे धरणार? भारतीय बनावटीच्या बत्त्यांबाबत तर ही उणीव फारच मोठी आहे. जर्मन बत्तीचा अभ्यास जर्मनांनी केला, आपल्या बत्त्यांचा आपण केलेला नाही.

दुसरे, जुन्या टाकीचे वय. किती वर्षांनी, किती दाबाला ती वापरातून काढावी याचा मान्य निकष नाही. गॅस सिलिंडरला तपासणीची मुदत असते; बत्तीच्या टाकीला मालकाच्या विवेकाशिवाय काही नाही.

तिसरे, इंधन. दिल्ली २०१४ मध्ये रॉकेलमुक्त जाहीर झाली, आणि रेशनवरचे रॉकेल इतर राज्यांतही आटत गेले. खुल्या बाजारातल्या रॉकेलची प्रत एकसारखी नसते. मळकट रॉकेलने नळीत काजळी धरते आणि निपल-व्हेपोरायझरचे आयुष्य घटते, म्हणजे इंधनाचा प्रश्न फिरून सुट्या भागांवरच येतो. डिझेल किंवा टर्पेंटाइन मिसळून भागवणाऱ्यांचे अनुभव परस्परविरोधी आहेत. एका बाबतीत मात्र शंकेला जागा नाही : रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल, किंवा पेट्रोल मिसळलेले रॉकेल, कधीही घालू नये.

चौथे, जाळीचा पुरवठा. थोरियमवरची बंधने सैल होण्याची शक्यता नाही, यिट्रियमची जाळी सगळ्या आकारांत मिळत नाही, आणि दीपगृहांच्या मोठ्या बर्नरच्या जाळ्या तर मागणीनुसारच बनवून घ्याव्या लागतात.

आज कुणी विचारले तर माझे उत्तर असे असेल : निपल आणि पिन शक्य तो मूळ, कातडी, टिकली आणि दोरी नवी, काच आणि नोझल मापात बसेल ते, टाकी चिरलेली असेल तर बत्ती पेटवू नका.

आणि ज्यांच्याकडे जुनी बत्ती किंवा बंद पडलेल्या स्टोच्या दुकानातला सामानाचा डबा आहे त्यांना एक विनंती. तो डबा भंगारात देऊ नका. आतल्या भागांची मापे घ्या, आट्यांची संख्या मोजा, पाकिटांवरची नावे-क्रमांक उतरवून घ्या आणि गावातला जो मिस्त्री अजून हे काम करतो त्याच्याशेजारी बसून तो काय करतो ते लिहून काढा.